धरणांत पाणी, टर्बाईन चालू, तरी घरात पाच आठवडे अंधार: क्यूबेकचं १९९८चं बर्फाचं वादळ

लाईट गेली की पहिला प्रश्न एकच असतो, कधी येईल? जानेवारी १९९८ मध्ये कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात तीस लाखांहून जास्त लोक हाच प्रश्न विचारत होते, त्यातल्या बऱ्याच जणांकडे काही दिवसांत लाईट आली, पण तिथल्या सगळ्यात मोठ्या शहराच्या, मॉन्ट्रियलच्या, दक्षिणेकडच्या काही गावांना तब्बल पाच आठवडे थांबावं लागलं आणि तेही ऐन हिवाळ्यात, जिथे घर गरम ठेवायलासुद्धा वीजच लागते. मला हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं त्याचं कारण म्हणजे यात विजेची टंचाई नव्हतीच. उत्तरेला हजार किलोमीटरवर जेम्स बे नावाच्या उपसागराच्या भागातल्या धरणांत पाणी होतं, टर्बाईन व्यवस्थित होती, वीज हवी तेवढी तयार करता येत होती. तुटला होता फक्त ती घरापर्यंत आणायचा शेवटचा रस्ता.

आधी पाऊस समजून घेऊ, कारण हे बर्फ पडणं नव्हतं, हा गोठणारा पाऊस होता. वर ढगातून हिम निघतं, मधे उबदार हवेचा थर लागतो तिथे ते वितळून पाणी होतं आणि जमिनीजवळ पुन्हा थंड हवेचा पातळ थर असतो. थर जाड असता तर थेंब हवेतच गोठले असते, पण पातळ असल्यामुळे थेंबाला तेवढा वेळच मिळत नाही, तो शून्याच्या खाली जाऊनही पाणीच राहतो आणि ज्या वस्तूला टेकेल तिच्यावर लगेच गोठतो. तार, फांदी, जिना, गाडीची काच, सगळ्यावर काचेसारखा थर चढत जातो. सेंट लॉरेन्स नदीच्या खोऱ्यात थंड हवा जड असल्यामुळे खाली अडकून बसते आणि तेव्हा मेक्सिकोच्या आखाताकडून आलेली दमट उबदार हवा तिच्यावरून सरकत राहिली. असा पाऊस तिथे दर हिवाळ्यात होतो, काही तास पडतो, थांबतो. १९९८ मध्ये मात्र ५ जानेवारीपासून १० तारखेपर्यंत तो एकामागून एक फेऱ्यांत येत राहिला, सगळे तास मिळून ८० च्या वर गेले, म्हणजे वर्षभरात जेवढा होतो त्याच्या जवळजवळ दुप्पट. मॉन्ट्रियल भागात एकूण १०० मिलिमीटरच्या आसपास पाणी पडलं. आधीचं तिथलं मोठं बर्फाचं वादळ १९६१चं, ते ३०-४० मिलिमीटरचं होतं. पण खरा घोळ मिलिमीटरमध्ये नाही, दोन फेऱ्यांच्या मधे बर्फ वितळायला सवडच मिळाली नाही यात आहे. पहिल्या दिवशीचा थर तसाच राहिला आणि दुसरा त्याच्यावर बसला.

आता तारेवर नेमकं काय होतं ते एकदा आकड्यात बघू, कारण आकडा बघितल्याशिवाय हे डोक्यात शिरत नाही. समजा साडेतीन सेंटीमीटर जाडीची तार आहे आणि तिच्याभोवती सगळीकडून दोन सेंटीमीटर बर्फ चढला. हिशोब केला तर दर मीटरमागे साधारण तीन किलो वजन वाढतं. तोच थर चार सेंटीमीटर झाला तर सहा किलो होईल असं वाटतं ना, पण होतं साडेआठ किलो, कारण प्रत्येक नवा थर आधीच्यापेक्षा मोठ्या घेरावर बसतो. दोन टॉवरमध्ये ४०० मीटर अंतर धरलं तर एका तारेवर साडेतीन टनांच्या जवळपास बर्फ आणि क्यूबेकच्या ७३५ केव्ही, म्हणजे ७ लाख ३५ हजार व्होल्टच्या, लाईनमध्ये प्रत्येक फेजला चार तारांचा जुडगा असतो, तीन फेजच्या मिळून बारा तारा, म्हणजे दोन टॉवरच्या मधे चाळीस टन! तारांचं स्वतःचं वजन वेगळंच. आणि हा चार सेंटीमीटरचा हिशोब झाला, त्या आठवड्यात काही ठिकाणी थर सात सेंटीमीटरच्या घरात गेला होता.

टॉवर साधारण अशा हिशोबाने बांधतात की दोन्ही बाजूंच्या तारा त्याला सारख्याच ओढतायत. एक तार तुटली किंवा शेजारचा टॉवर वाकला की तो तोल जातो, सगळी ओढ एका बाजूला येते आणि तो टॉवर पडतो, तो पडला की त्याच्या पुढच्याचा तोल जातो, मग त्याच्या पुढचा. रांगेत उभ्या केलेल्या पत्त्यांसारखे ओळीने टॉवर झोपत गेले. त्या वेळचे फोटो बघा, बर्फाच्या शेतात पोलादी टॉवर मान मोडल्यासारखे दुमडून पडलेत, सगळे एकाच दिशेला, आणि दरवेळी ते फोटो बघून मला गलबलून येतं कारण यातला प्रत्येक टॉवर बर्फाने पाडलेला नाहीये, कित्येक नुसते शेजाऱ्याने ओढून पाडलेत. शेकडो पोलादी टॉवर आणि सुमारे ३०,००० लाकडी खांब गेले. झाडं तर लाखांनी मोडली आणि त्यांच्या फांद्या गल्लीबोळातल्या तारांवर पडल्या.

९ जानेवारी, शुक्रवार, हा सगळ्यात वाईट दिवस. क्यूबेकमध्ये जवळपास १४ लाख ग्राहक अंधारात होते, आणि ग्राहक म्हणजे माणूस नाही हं, ग्राहक म्हणजे एक मीटर, एका मीटरमागे अख्खं घर असतं. शेजारच्या ओंटारियो प्रांताच्या पूर्व भागातही मोठा फटका बसला होता. मॉन्ट्रियलला वीज आणणाऱ्या मोठ्या लाईन एकेक करून पडत गेल्या. शहराच्या मध्यभागात येऊ नका असं सरकारनेच सांगितलं, नदीवरच्या पुलांवरून बर्फाचे तुकडे खाली पडत होते म्हणून पूल बंद केले, मेट्रो विस्कळीत झाली. आणि याच दिवशी ती गोष्ट घडली जी मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाची वाटते, पाण्याची.

शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रांची वीज गेली. पाणी नदीत भरपूर आहे, शुद्ध करायची यंत्रं आहेत, पण पंप चालायला वीज नाही. मोठ्या शहराच्या टाक्यांमध्ये साठा किती असतो, काही तासांचा. तो उतरायला लागला की नळाचं पाणी जातंच, पण आग विझवायला रस्त्यावर बसवलेल्या नळांमध्येही (हायड्रंट) दाब राहत नाही आणि त्याच वेळी हजारो घरांत लोक मेणबत्त्या, शेकोट्या, मिळेल त्या चुली पेटवून बसलेले असतात. शहर खरंच काठावर होतं. वीज जोडून पंप वेळेत सुरू झाले म्हणून निभावलं, पण पाणी संपायला किती थोडा वेळ उरला होता हे लोकांना त्या क्षणी सांगितलं गेलं नाही, नंतर कळलं. घबराट होईल या भीतीने सांगितलं नसेल, ती भीती मी समजू शकतो, तरीही माझं मत असं की ते सांगायला हवं होतं, कारण पाणी जाणार हे कळलेला माणूस निदान दोन बादल्या तरी भरून ठेवतो आणि न कळलेला हात धुवत बसतो.

लाईट जाण्याचं असं असतं बघा, पहिला दिवस आणि चौथा दिवस या दोन वेगवेगळ्या आपत्ती आहेत. पहिल्या दिवशी अंधार असतो, गैरसोय असते, मुलांना तर मजाच वाटते. दुसऱ्या दिवशी फोन आणि फ्रीजची काळजी. तिसऱ्या दिवशी घराच्या भिंती गार पडतात, पाईपातलं पाणी गोठून पाईप फुटतात, औषधं, ऑक्सिजनची यंत्रं, म्हातारी माणसं यांचा प्रश्न उभा राहतो. क्यूबेकमध्ये जलविद्युत स्वस्त असल्यामुळे बहुतेक घरांचं गरम करणं विजेवरच होतं, कित्येकांनी जुन्या लाकडाच्या शेगड्या काढून टाकल्या होत्या. ज्यांनी ठेवल्या होत्या त्यांच्या घरात मग शेजारपाजारची दोन-दोन तीन-तीन कुटुंबं राहायला आली. सगळीकडचे मिळून सुमारे सहा लाख लोकांना घर सोडावं लागलं, शाळा आणि सभागृहांमध्ये खाटा टाकून निवारा केंद्रं उघडली. सैन्य बोलावलं, जवळजवळ १६,००० सैनिक उतरले, फांद्या तोडायला, खांब उभे करायला आणि दारोदार जाऊन माणसं जिवंत आहेत ना हे बघायला. हे दारोदार जाणं फार गरजेचं होतं कारण खूप म्हातारी माणसं घर सोडायला तयारच होत नव्हती, आपलं घर, आपलं मांजर, आपली उशी, आज येईल लाईट, उद्या येईल, असं करत गारठलेल्या घरात बसून राहायची.

किमान २५ माणसं गेली. त्यातले बरेच थंडीने गेले, म्हणजे शरीराचं तापमानच उतरत गेलं, आणि काही कार्बन मोनॉक्साईडने. या वायूबद्दल जरा थांबून लिहितो. कोळशाची शेगडी किंवा बार्बेक्यू घरात पेटवला, जनरेटर गॅरेजमध्ये लावला की हा वायू साठतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि थंडीत थकलेल्या माणसाला झोप येणं तर अगदी साहजिक वाटतं, म्हणून तो झोपतो. दार थोडं उघडं ठेवलं म्हणजे झालं असं लोकांना वाटतं, नाही होत, जनरेटर बाहेरच पाहिजे आणि खिडक्यांपासून लांब.

जनरेटरचाच दुसरा धोका घरातल्यांना नाही, लाईनमनला. काही लोक जनरेटरची वायर सरळ घरातल्या सॉकेटला जोडतात, मेन स्विच न पाडता. मग ती वीज उलटी मीटरमधून बाहेर जाते, खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत पोचते आणि जो ट्रान्सफॉर्मर एरवी हजारो व्होल्टचे शे-दोनशे करतो तो आता शे-दोनशेचे हजारो करतो. लाईनमन वर चढलाय, त्याला सांगितलंय लाईन बंद आहे, आणि तारेत मात्र कोणाच्या तरी घरून आलेले हजारो व्होल्ट आहेत. म्हणून तर अशा कामात तार आधी तपासून अर्थिंग करतात, म्हणजे जमिनीला जोडतात, मगच हात लावतात, आणि म्हणूनच काम लोकांना वाटतं त्यापेक्षा हळू चालतं.

मॉन्ट्रियलच्या दक्षिणेला सां-जाँ-स्युर-रिशल्यू, ग्रॅनबी आणि सां-यासांत या तीन गावांमधला जो पट्टा आहे त्याला लोक काळा त्रिकोण म्हणायला लागले. सगळ्यात जास्त दिवस अंधार इथेच राहिला. कारण भूगोलात आहे आणि विजेच्या जाळ्याच्या रचनेतही आहे. बर्फ तर तिथे जास्त पडलाच, पण त्या भागाला वीज यायचे मार्ग मोजकेच होते. जिथे वीज चारी बाजूंनी येऊ शकते तिथे एक बाजू पडली तरी दुसरीकडून फिरवून घेता येते. जिथे एकाच बाजूने येते तिथे ती लाईन उभी होईपर्यंत काहीच करता येत नाही, मग गावातली तार कितीही धड असो.

हा पट्टा शेतीचा, दुधाचा. गायींची धार यंत्राने काढायची, शे-पन्नास गायी हाताने पिळणं दोन माणसांच्या आवाक्यात नाही. धार वेळेवर निघाली नाही तर सड सुजतात, गाय तापाने फणफणते. तेव्हा एकेक जनरेटर या गोठ्यातून त्या गोठ्यात फिरवला, एका शेतकऱ्याची धार झाली की ट्रॅक्टरला लावून पुढच्याकडे, रात्री-बेरात्री. आणि एवढी धडपड करून काढलेलं दूध ओतून द्यावं लागलं कारण डेअऱ्या बंद, टँकर येत नाहीत, थंड ठेवायला वीज नाही. सुमारे एक कोटी लिटर दूध गेलं असं नोंदलंय. आपल्या हाताने काढलेलं दूध ओतून द्यायला माणसाला काय होत असेल.

बूशरव्हिल नावाच्या गावाने मात्र एक भन्नाट गोष्ट केली. डिझेल रेल्वे इंजिन म्हणजे खरं तर चाकांवरचं वीजघरच असतं, आतलं डिझेल इंजिन चाकं फिरवत नाही, ते वीज तयार करतं आणि त्या विजेवर मोटारी चाकं फिरवतात. गावाने रेल्वे कंपनीकडून असं इंजिन मागून घेतलं, रुळांवरून उतरवलं आणि डांबरी रस्त्यावरून चालवत नगरपालिकेच्या इमारतीपाशी नेलं. लोखंडी चाकं, शंभराहून जास्त टन वजन, रस्त्यात चर पडले. तिथे नेऊन त्याची वीज इमारतीला जोडली. मला यातली कल्पना तर आवडतेच पण त्याहून जास्त आवडतो तो ठरवणाऱ्याचा धीर, की रस्ता खराब झाला तर नंतर करू, आत्ता वीज पाहिजे.

संध्याकाळी रोज प्रांताचे मुख्यमंत्री ल्युसियाँ बुशार आणि वीज कंपनी हायड्रो-क्यूबेकचे प्रमुख आंद्रे कायये एकत्र बसून पत्रकार परिषद घ्यायचे. कायये सुटात न येता बंद गळ्याच्या स्वेटरमध्ये यायचे आणि तो स्वेटर लोकांच्या इतका लक्षात राहिला की आजही त्या वादळाचा विषय निघाला की तो निघतोच. आज किती टॉवर उभे केले, कुठली लाईन चालू झाली, कुठल्या भागाला अजून वेळ लागेल, रोज ठरलेल्या वेळी, तेच दोघं. ज्यांच्याकडे लाईट नाही ते बॅटरीच्या रेडिओवर ऐकायचे. वाईट बातमीसुद्धा वेळेवर आणि ओळखीच्या आवाजात आली तर माणूस तग धरतो, आणि म्हणूनच पाण्याबाबतचं ते मौन मला जास्त खटकतं.

दुरुस्तीचा क्रम लोकांना कधीच पटत नाही, तिथेही पटला नाही. आधी मोठ्या लाईन, मग सबस्टेशन, मग तिथून निघणारे फीडर, म्हणजे वस्त्यांकडे जाणाऱ्या लाईन, त्यातही हॉस्पिटल आणि पाण्याचे पंप आधी, मग ज्या दुरुस्तीने एकदम हजार घरं उजळतील ती, आणि सगळ्यात शेवटी तुमच्या खांबापासून तुमच्या भिंतीपर्यंतची एकटी वायर. समोरच्या घरात दिवे लागलेत आणि आपल्याकडे अंधार, याचं कारण बहुतेक वेळा वेगळा फीडर किंवा ती शेवटची वायर. दुसऱ्या प्रांतांतून, अमेरिकेतून लाईनमनच्या तुकड्या आल्या. वादळ सुरू होऊन तीन आठवडे झाले तरी लाखो लोक विजेविना होते आणि फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या तोंडावर शेवटची घरं जोडली गेली.

नंतर इंजिनिअर रोजे निकोले यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला, १९९९ मध्ये अहवाल आला. जाळं बरंच बदललं. ठराविक टॉवरनंतर एक जाडजूड टॉवर असा उभा करायला लागले जो एका बाजूची ओढ सहन करेल, म्हणजे रांग पडायला लागली तर तिथे थांबेल. क्यूबेक शहराजवळच्या लेव्ही इथल्या सबस्टेशनमध्ये बर्फ वितळवायची यंत्रणा बसवली, ती लाईनमध्ये हजारो अँपिअरचा डीसी (एकाच दिशेने वाहणारा) करंट सोडून तार तापवते आणि बर्फ गळून पडतो. काळ्या त्रिकोणाच्या भागाला दुसऱ्या बाजूने वीज मिळावी म्हणून नवीन ७३५ केव्ही लाईन काढायचं ठरलं तर ज्यांच्या शेतातून आणि डोंगरातून ती जाणार होती ते लोक कोर्टात गेले, कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, मग सरकारने खास कायदा करून काम पुढे रेटलं. दोन्ही बाजूंचं मला पटतं, लाईन हवीच होती, पण घाईच्या नावाखाली लोकांना न विचारता काढायला नको होती. सगळ्या तारा जमिनीखाली घाला असंही तेव्हा बरेच जण म्हणत होते, शहरातल्या गल्ल्यांपुरतं ते ठीक आहे, शेकडो किलोमीटरच्या मोठ्या लाईनला खर्च परवडत नाही आणि जमिनीखाली बिघाड झाला तर तो शोधायलाच दिवस जातात.

एक अभ्यास मात्र असा आहे की तो वाचल्यापासून मला कुठल्याही भागात चार दिवस लाईट नाही असं कळलं की आधी तोच आठवतो. मॉन्ट्रियलच्या संशोधक सुझान किंग यांनी त्या वादळात गरोदर असलेल्या बायकांना गाठलं आणि त्यांच्या मुलांचा पुढे वर्षानुवर्षं मागोवा घेतला. आईला किती भीती वाटली हे एक आणि प्रत्यक्ष किती सोसावं लागलं, म्हणजे किती दिवस लाईट नव्हती, घर सोडावं लागलं का, हे दुसरं, असं त्यांनी वेगवेगळं मोजलं. जिथे हाल जास्त झाले होते तिथली मुलं दोन वर्षांची असताना भाषा आणि आकलनात सरासरीने थोडी मागे दिसली. वीज कंपनीच्या हिशोबात त्या घरापुढे लाईट आली त्या दिवसाची तारीख असते आणि नोंद बंद होते.

५ एप्रिल २०२३ ला पुन्हा तसाच गोठणारा पाऊस क्यूबेकच्या दक्षिण भागात आला, यावेळी एकाच दिवसाचा. अकरा लाख ग्राहकांची वीज गेली. मोठे टॉवर टिकले, पडल्या त्या झाडांच्या फांद्या, गल्लीतल्या तारांवर, आणि बहुतेकांची लाईट आठवड्याच्या आत परत आली. जे मृत्यू झाले त्यात एकाच्या अंगावर फांदी पडली आणि दुसरा गॅरेजमध्ये जनरेटर चालवत होता, कार्बन मोनॉक्साईडने गेला.